जळगावच्या घरातील चूल चालू ठेवण्याबाबत

मी, अभिमन सुपडू कोठावदे, वय ५२, मुंबईस वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला, जिनिंग कारखान्यातील हिशेबनीस, राहणार जळगाव, आज स्वतःच्या पायांनी चालत येऊन या टेबलाशी बसलो आहे. लिहिताना हात स्थिर आहे आणि काय लिहावे हे मला कोणीही सुचवत नाही. या स्थितीत माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी, ते लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कागद वाया घालवण्याची मला सवय नाही.

१. पत्नी प्रमिलाबाई पूर्वीच वारली. मागे एकुलता मुलगा गिरधर, राहणार धुळे, आणि माझी धाकटी विधवा बहीण भिकुबाई, म्हणजे गिरधरची आत्या, त्याच्या बोलीत फुई, जी माझ्याकडे राहून हे घर चालवते, अशी दोनच माणसे आहेत. भडगावचे शेत वडिलार्जित असल्यामुळे ते गिरधरकडेच जाते. ते देण्याचे श्रेय मी घेत नाही.

२. माझा काळा लोकरी कोट गिरधरास द्यावा. तो एकदा उलटवून शिवलेला आहे. उलटवताना छातीचा खिसा उजवीकडे जाणार, हे शिंप्याने आधी सांगायला हवे होते. मी त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही. गिरधर हा कोट घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्या मते काटकसर म्हणजे वस्तू मुळात न घेणे. त्याच्या घरी पाहुण्यास बसायला खुर्ची नाही. माझ्या मते वस्तू चांगली घ्यावी आणि ती संपेपर्यंत वापरावी. या विषयावर आम्ही पुष्कळ बोललो आहोत. कोट हे त्यातील माझे शेवटचे म्हणणे समजावे.

३. पोस्टातील शिल्लक दोघांस निम्मी निम्मी द्यावी.

४. जळगावचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. त्याची मालकी मी गिरधरास देतो, मात्र पुढील कलमातील अटींवर. अटींचे कारण असे.

गेल्या दिवाळीत गिरधर माझ्यासमोर म्हणाला, "आबा, तुमच्यामागे फुईला धुळ्यास नेतो. मागची खोली रिकामीच आहे. हे घर भाड्यानं देऊ. एका माणसासाठी वेगळी चूल म्हणजे सरपणाची नासाडी."

यावर भिकुबाई म्हणाली, "तुना घर मी भाकर खासू रे भाऊ, पन मना इस्तो कोन नेई?"

गिरधर हसला. मी हसलो नाही, कारण विस्तवाचा विषय आमच्यात आधी होऊन गेला होता. भिकुबाई रोज सकाळी समोरच्या कुंदाबाईकडून खापरीत विस्तव आणते. काडी वाचते म्हणून मला ते पसंत होते. परंतु ती जाताना पदराखाली भाकरी नेते, हे लक्षात आल्यावर मी विचारले, की एका काडीसाठी भाकरी देणे हा कुठला व्यवहार? शिवाय रोज विस्तव येतो, तर काडेपेटी संपते कशी?

ती म्हणाली, "भाऊ, काडी वाचाडाले नही जात मी. तिना चुल्हा पेटना का नही, ते देखाले जास. ज्या दिन पेटना नही, त्या दिन भाकर तठे ऱ्हास आनि मी घर यीसन काडी ओढस."

"मग सरळ विचारत का नाहीस?"

"इचारं ते ती हा म्हनी का?"

कुंदाबाई मागणार नाही. म्हणून भिकुबाईच मागायला जाते. ज्या घरी आपण मागायला जातो, त्या घरी काही नेले तर ते दान ठरत नाही. गल्लीतील आणखी काही घरे याच रीतीने भिकुबाईकडे विस्तवास येतात, हे मी नंतर पाहिले. याला काटकसर म्हणावे असे मला आजही पटलेले नाही. परंतु रेशनच्या या दिवसांतही आमच्या गल्लीत कोणाची चूल सलग दोन दिवस थंड राहिली नाही. आणि हे ना माझ्या रीतीने घडले असते, ना गिरधरच्या.

५. म्हणून अटी. भिकुबाई हयात असेतो तिने याच घरात राहावे व येथील चूल चालू राहावी. तिला धुळ्यास न्यायचे असल्यास तिने स्वतः, दोन शेजाऱ्यांसमक्ष, तसे म्हटले पाहिजे. घर तिच्या हयातीत भाड्याने देऊ नये. अट मोडल्यास घराची मालकी त्याच दिवसापासून भिकुबाईची होईल. ही तरतूद मी वकिलांकडून तपासून घेतली आहे.

६. माझे दिवस साधेपणाने करावेत. मात्र भिकुबाई पंगतीत वाढू लागल्यास तिचा हात धरू नये.

७. वरील मजकूर मी गिरधरास वाचून दाखवला. तो म्हणाला, "मान्य आहे. पण सरपण कोण पुरवणार?" प्रश्न योग्य असल्यामुळे हे कलम वाढवले. दरसाल कापसाची वेचणी आटोपल्यावर भडगावच्या शेतातील पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, बैलगाडीने या घरी पोहोचवाव्यात. गाडीबरोबर गिरधरने स्वतः यावे. त्या दिवशी त्याने येथे जेवल्याशिवाय परत जाऊ नये, आणि ताटाच्या शेजारी आणखी कोण बसले आहे, याची चौकशी करू नये.

वरील मजकूर माझ्या हाताचा असून साक्षीदारांदेखत सही केली आहे.

अभिमन सुपडू कोठावदे

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष सही केली:
मोहनलाल गौतमचंद लोढा, व्यापारी, जळगाव
मगन रुपचंद येवले, शेतकरी, भडगाव

मुक्काम जळगाव, ता. ११ मार्च १९४५