घंटावाली बाहेर राहिली

ती. दादास,

धाकटीचा सलाम घे. तुझ्या पाठीला आता उतार आहे ना? तिकडे मावशी सारखी खायला घालत असेल. नाही म्हणून उपयोग नाही, ती बिशपसाहेबांचंसुद्धा ऐकायची नाही. बिशपसाहेबांवरून आठवलं. महिनाअखेरीला त्यांना भेटून झगा परत करायचा, फादरपण सोडायचं, हे तुझं अजून पक्कं आहे का? निघताना माझ्या शिवणाच्या टेबलाशी उभा राहून तू म्हणालास, कित्येक महिने प्रार्थना करतोय, पण पलीकडे कोणी आहे असं वाटतच नाही. माझ्या तोंडात तेव्हा टाचण्या होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. (आयुष्यात एकदाच गप्प बसले, तेही नको तेव्हा.) ते राहिलेलं बोलायला म्हणून हे पत्र, पण आधी तुझ्या वर्गाची हकिगत ऐक.

‘ख्रिस्ती गूढसाधनेची ओळख, सामान्य माणसांसाठी’ असा कागद दारावर डकवून तू वर्ग माझ्या गळ्यात मारलास आणि मोकळा झालास. गुरुवारी संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये आले कोण, तर गणिताचे रिटायर्ड मास्तर, औषधाच्या दुकानातल्या बाई आणि बसचा ड्रायव्हर. (त्याला बायकोने पाठवलं. घरी टीव्हीसमोर झोपतो, तिथे निदान देवासमोर झोपेल, असं तिचं म्हणणं.) तुझ्या टिपणातलं पहिलं वाक्य पान उलटलं तरी संपेना, तेव्हा मी कागद बाजूला ठेवले आणि सरळ सांगितलं की गूढ म्हणजे जादूटोणा नाही. देवाकडे काही मागायचं नाही, त्याच्याविषयी भाषण ठोकायचं नाही, त्याच्यापाशी नुसतं बसायचं, जुन्या काळच्या साधुसाध्वींनी हेच केलं. जुना कोट उलटवताना, म्हणजे कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवताना, आधी तो उसवतात, मग कापड उजेडात धरून बघतात, मग नव्याने जोडतात. माणसाचंही तसंच तीन टप्प्यांत होतं, असं आमचा दादा म्हणतो. यावर मास्तरांनी विचारलं, उसवून झाल्यावर शिंपीच मध्ये उठून गेला असं वाटलं तर काय करायचं? मी म्हटलं, त्याला अंधारी रात्र म्हणतात, ती पुढच्या गुरुवारी घेऊ.

मग तुझे नियम वाचून दाखवले. तुझेच आहेत, हे विसरू नकोस. घंटा होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. कसलाही आवाज आला, कोणी हाक मारली, तरी रस्त्यावरून गाडी गेली समजायचं आणि जागचं हलायचं नाही. एखादं दर्शन झालंच तर त्यामागे धावायचं नाही. तिघंही छान बसले, आणि मला आठवलं की माझ्या शिवणाच्या दुकानातली इस्त्री चालूच राहिली. दुकान समोरच, म्हणून पाय न वाजवता बाहेर पडले, तर मागे दाराचं लॅच लागलं. घंटा आत, शाल आत, आणि हॉलची नि दुकानाची अशा दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात, तोही आत.

खिडकीपाशी जाऊन मी काचेवर टकटक केली. मास्तरांची पाठ आणखी ताठ झाली. जोरात वाजवलं, तर औषधवाल्या बाईंच्या चेहऱ्यावर अशी काही शांती पसरली की बघत राहावं. मग हाका मारल्या. (लहानपणी मला भोंगा म्हणायचास ना? तो भोंगा पुऱ्या ताकदीने वाजला.) मी जितकी बोंबलावी तितके ते खोल उतरावेत. एवढ्यात ड्रायव्हर स्वतःच्याच घोरण्याने जागा झाला. त्याने डोळे उघडले, काचेला चिकटलेलं माझं नाक आणि वर केलेले दोन हात नीट पाहिले, आणि शांतपणे पुन्हा डोळे मिटले. दर्शनामागे धावायचं नाही, हे त्याने बरोबर ध्यानात ठेवलं होतं.

आधी मला भयंकर राग आला. मग दमले आणि काचेला कपाळ टेकून उभी राहिले. दादा, मी वीतभर अंतरावर होते रे. एकेकाला नावाने हाका मारत होते. आणि आत तिघं मन लावून बसलेले, बाहेर कोणी नाहीच अशा खात्रीने. मला तुझी आठवण झाली आणि रडू आलं. थंडी होती, पण ते थंडीमुळे नव्हतं.

शेवटी ड्रायव्हरची बायको जेवण निवतंय म्हणून शोधत आली. तिने दारावर एक थाप मारून एकच हाक दिली, तसा तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. तो आवाज अडथळ्यात धरायचा नसतो, एवढं त्याला न शिकवता कळतं. मी आत जाऊन घंटा वाजवली आणि काय अनुभव आला म्हणून विचारलं. मास्तरांच्या डोक्यात पाढे चालू होते. बाईंना गुडघे सोडून काही जाणवलं नाही. कोणाला म्हणजे कोणाला काही मिळालं नाही, आणि जाताना पुढचा गुरुवार नक्की ना, असं तिघांनीही विचारलं. मास्तर उशी घेऊन येणार आहेत.

बाकी सगळं ठीक. पाठीला शेक घेत जा, मावशीला माझा सलाम सांग.

तुझी धाकटी,
भोंगा

ता. क. इस्त्री बंदच होती.

ता. क. दुसरा. ड्रायव्हर त्या दर्शनाविषयी फार आदराने बोलतो. हात वर केले होते म्हणजे आशीर्वादच, असं तो बायकोला सांगतो. ती मी होते, हे सांगायचा मला धीर होत नाही. ते काम फादरचं आहे.

ता. क. तिसरा, आणि एवढ्यासाठीच सगळं लिहिलं. मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, तुलाही येत नसेल. तरी एका गुरुवारी मागच्या खुर्चीवर येऊन नुसता बस, झगा घालून नाहीतर न घालता. घंटा मी वाजवीन. बिशपसाहेबांकडे त्यानंतर जा, मी अडवणार नाही. मावशी म्हणते, तू खोलीचं दार लावून बसतोस आणि कोणी वाजवलं तरी उठत नाहीस. पुढच्या रविवारी दुपारच्या बसने मी येतेय. तेव्हा थाप पडली तर ती माझी. त्याआधी पडली तर माझी नसेल, पण तरीही उघड.