बाटल्यांच्या खोलीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली कंपाउंडर, गल्लीत ‘बाटलीबाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते संतापून लिहावं लागत आहे. माझ्या एकुलत्या एका मुलाने गेल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांकडे जाऊन, “आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तसा दाखला द्या,” अशी मागणी केली. डॉक्टरांनी त्याला वाटेला लावलं आणि मला फोन केला. फोनचं त्याला अजून माहीत नाही. दाखला मिळाला असता, तर घराचे व्यवहार त्याच्या हाती गेले असते, आणि घर पाडून त्याला गाड्या लावायला जागा करायची आहे.

परिणाम कसला, तर मी जुन्या बाटल्या कापून टांगायच्या फुलदाण्या करते.

कलम १. राहतं घर, मागच्या खोलीसह, माझ्या पगारातून बांधलेलं आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा खिळाही नाही. ते संपूर्ण घर मी भंगारवालीला देते. अकरा वर्षं ती माझ्यासाठी बाटल्या निवडून आणते, नख वाजवून तडा ओळखते आणि दुपारभर शेजारी बसून कडा घासते. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “अहो बाई, एवढी चांगली काच वितळवायला द्यायची म्हणजे जिवावर येतं बघा.” मुलगा तिला दारातूनच “ए, इकडे कुठे?” म्हणून हटकतो. यापुढे त्याने तिला विचारून आत यावं.

कलम २. काच कापायची हिरकणी, तांब्याच्या तारेची वेटोळी, पॉलिश पेपर आणि बाटली आडवी ठेवायची खाचेची फळी हेही तिलाच. तिला एकच सांगणं: रेघ एकदाच ओढ, मग गरम पाणी, मग गार. खात्री नाही म्हणून तीच रेघ पुन्हा ओढलीस, तर काच भलतीकडेच तडकेल. तुझा हात घाईचा आहे, हे तुला तोंडावर सांगून झालं आहे.

कलम ३. सूनबाईने माझ्या तीन निळ्या फुलदाण्या गॅलरीत टांगल्या आहेत आणि पाहुण्यांना त्या परदेशातून मागवल्याचं सांगते. त्या तिच्याकडेच राहू देत. सासू वेडी आणि तिच्या फुलदाण्या परदेशी, हे एकाच तोंडाने कसं सांगता येतं, ते तिलाच ठाऊक.

कलम ४. मी तपासण्यांसाठी दोन दिवस दवाखान्यात होते, तेव्हा मुलाने मागची खोली ‘आवरली’. विकायला तयार असलेल्या चाळीस फुलदाण्या त्याने अंगणात फोडल्या. “अगं आई, कचरा होता तो. एखाद्या दिवशी हात कापून घेशील,” असं वर मलाच समजावलं. त्या काचा मी वेचून पोत्यात भरल्या, आणि वेचताना हात कापलाच. ते पोतं त्याला देते. मला त्याचा राग आहे, आणि मेलेली माणसं आपोआप माफ करतात असं कोणी त्याला सांगू नये.

कलम ५. बँकेत जे असेल त्यात माझे अंत्यविधी आटपावेत. हार विकत आणू नयेत.

कलम ६. साक्षीदार दोन: डॉक्टर आणि मुलगा. वकील म्हणाले, साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. लिहिणारा शुद्धीवर आहे आणि सही त्याचीच आहे, एवढंच पाहायचं असतं. डॉक्टर इथे माझ्या शेजारी बसले आहेत, मुलगा आत्ता पुढच्या खोलीत चहा पीत बसला आहे. मघाशी त्याने विचारलं, “आई, घराचं लिहिलंस ना नीट?” मी म्हटलं, “अगदी नीट. तू फक्त सही कर.” आता त्याला हाक मारते.

स्थळ: मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा

सही: (बाटलीबाई)

वरील बाईंनी आमच्यादेखत सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि त्यांची बुद्धी शाबूत होती, याची आम्ही स्वतः खात्री करून घेतली आहे.

साक्षीदार १: सही (डॉक्टर)
साक्षीदार २: सही (मुलगा)