पंचाच्या मांडीखालची काठी

उस्ताद, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. उस्ताद हा शब्द मी तुमच्याशिवाय कुणासाठी कधी वापरला नव्हता, हल्ली दिवसातून वीस वेळा वापरतो. आम्हा कबुतरवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. नांदेड, लातूर, कंधार, निलंगा, उदगीर, सगळीकडची माणसं त्यात आहेत, आणि तिथं सगळेच उस्ताद. ज्यानं काल बाजारातून दोन जोड्या आणल्या आणि खुराड्यापुढं उभं राहून फोटो टाकला, तोही उस्ताद. मलाही म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी कानाच्या पाळीला हात लावला होता. आता लावत नाही.

मी नांदेडला शाळेत नवीन लागलो होतो आणि तुमच्या शिलाईच्या दुकानासमोर वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. संध्याकाळी दुकान बंद करून तुम्ही छतावर जायचात, गळ्यात मापाची टेप तशीच. मी खिडकीतून बघत बसायचो. एके दिवशी तुम्ही खालूनच ओरडलात, "मास्तर, वर बघून बघून मान अवघडंल की हो. या, चहा घ्या." लातूरला आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी पाखरू पाळलं नव्हतं. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली होती, शिकून सवरून पोरगं कबुतरं उडवायला लागलं. तिला काय सांगणार? आभाळात ठिपका होऊन गेलेलं पाखरू सात तासांनी आपल्याच छतावर परत येतं, त्याला बांधलेलं काही नसतं, आणि तरी येतं. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी शाळेत मुलांना धड शिकवू शकलो नव्हतो.

सामन्याचा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. ज्याचं पाखरू जास्त वेळ उडून स्वतःच्या छतरीवर, म्हणजे बांबूवरच्या त्या जाळीवर, उतरेल तो जिंकला, एवढा साधा नियम. पण पंच समोरच्या पार्टीचा असायचा. तुमच्याकडं कंधारचे टायरवाले यायचे. तुमचं आणि त्यांचं कशावरून तरी पटत नव्हतं, वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हतात, आणि सामन्याच्या दिवशी ते पहाटेच्या बसनं तुमच्या छतावर हजर. आल्या आल्या काठी मागायचे. काळं फडकं बांधलेली ती काठी, एरवी पाखरांना वर हुसकवायची. पाखरं सुटली की काठीला हात लावायचा नाही, म्हणून पंच ती मांडीखाली घेऊन बसणार, उतरेपर्यंत. दिवसभर माणूस तसा बसलेला. मग खालून तुमच्या घरच्या, आम्हा सगळ्यांच्या खाला, खिचडी आणि चिंचेचा खट्टा पाठवायच्या, दुपारी दालचा-चावल. खाला काही विसरायच्या नाहीत. टायरवाल्यांना पापड भाजलेला लागतो, तळलेला नाही, हे दुश्मनाबद्दल त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

एका वर्षी तुमची पांढरी मादी दीडच्या सुमाराला खाली आली. शेपटीत एकच करडं पीस असलेली ती. अजून वीस मिनिटं उडली असती तर तुम्ही जिंकला असतात. मला राहवलं नाही. मी टायरवाल्यांच्या मांडीखालून काठी ओढायला गेलो. ते हसले. तुम्ही हसला नाहीत. माझं मनगट धरलंत आणि पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलंत. "कायकू? घडी को देख रहा क्या? कान दे. तिच्या पंखाचा आवाज बदलला ते ऐकू येऊन नाही राहिलं तुला?" मादी उतरली, तुम्ही हरलात. टायरवाले काठी परत देत म्हणाले, "उस्ताद, अजून घंटाभर उडली असती की वो." तुम्ही म्हणालात, "हाव. अन् उद्यापासून ह्या छताला भ्याली असती." मग तिघं एका दस्तरखानावर जेवलो. मी अजून ती वीस मिनिटं मोजत होतो, तुम्ही टायरवाल्यांना पापड वाढत होतात. पुढं मात्र तुम्ही मला मास्तर म्हणाला नाहीत, तू म्हणालात. त्या अरे-तुरेचं मोल मला फार उशिरा कळलं.

बदली होऊन मी लातूरला निघालो तेव्हा तुम्ही तिच्या पिलांची एक जोडी वेताच्या टोपलीत घालून दिलीत. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ह्यांचं अर्धं लावू का फुल?" मी काठीही मागितली होती. तुम्ही म्हणालात, "काठी देत नसतो. ज्याची त्यानं आणायची, अन् ज्याची त्यानं सांभाळायची." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

आता ग्रुपचं ऐका. मी त्याला नुसत्या शिव्या घालणार नाही, तेवढा कृतघ्न नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या पाखरांना माना वाकड्या व्हायचा रोग लागला. आठवड्यात अकरा गेली. मी ग्रुपवर फोटो टाकला, आणि दहा मिनिटांत निलंग्याच्या एका माणसाचा फोन आला. ना ओळख ना पाळख. "सर, पाण्यात काय देऊन राहिलात? थांबा, मी येतो." दुसऱ्या दिवशी तो एसटीनं आला, औषध घेऊन, माझ्या छतावर चार तास बसला आणि एकेका पाखराच्या चोचीत थेंब घातले. तुमच्या जोडीच्या वंशातली एकच मादी वाचली. पांढरी, शेपटीत एक करडं पीस. हा ग्रुप नसता तर तीही वाचली नसती. वर्षभर तिला सावरू द्यायची आणि पुढचा पाऊस पडला की त्याच्याकडचा नर आणून जोडी लावायची, तुमचा वंश पुढं न्यायचा, असं आमचं ठरलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या छतावर येऊन बसलेला तो एकच कबुतरवाला, तेही आजारपणात.

कारण सामन्याला आता कुणी कुणाकडं जात नाही. मोबाईल स्टँडवर लावायचा, छतरी आणि तिच्यावरचं आभाळ दिसलं की झालं. सगळे घरबसल्या बघतात. पंच नको, बस नको, दालचा नको, भांडणसुद्धा नको. आधी मलाच हे पटलं होतं. ग्रुपवर मीच लिहिलं होतं की आता लबाडीला जागा उरली नाही, कॅमेरा कुणाचा मिंधा नसतो. मास्तर आहे ना मी, वाक्यं चांगली करतो.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला सामन्यात उतरवलं. एकुलती एक मादी, दोन महिन्यांनी जोडी लावायची, आणि मी तिला लातूरच्या उन्हात सोडली. का? कारण उदगीरचा एक पोरगेला उस्ताद ग्रुपवर म्हणाला होता, सरांचं जुनं वाण म्हणजे नुसत्या गप्पा. एवढ्यावर. सहाला सोडली, दीडला ती खाली आली. छतरीभोवती एक फेरी, दुसरी फेरी, चोच उघडी. पंखाचा आवाज बदलला होता. मला ऐकू आला, उस्ताद. तुम्ही शिकवलेलं एवढं तरी मी विसरलो नव्हतो. उदगीरकराला मागं टाकायला पंचवीस मिनिटं हवी होती, आणि मोबाईलवर तीनशे माणसं बघत होती. खालून वर अक्षरं सरकत होती. 'सर अजून अर्धा घंटा.' 'उतरू देऊ नका सर.' 'उस्ताद लई भारी.' काठी कोपऱ्यात उभी होती. कुणाच्याच मांडीखाली नव्हती.

मी मोबाईलच्या मागं उभा राहिलो आणि काठी फिरवली. दोनदा. छतरीला टेकत आलेली ती दचकून वर गेली, तिरकी झाली, आणि शहराबाहेरच्या बाजूला निघून गेली. मी परातीत पाणी भरून सूर्य मावळेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी बसलो, तिसऱ्या दिवशीही. ती भ्याली होती. अगदी तुम्ही म्हणाला होतात तशी.

ग्रुपवर विचारणा सुरू झाली तेव्हा मी लिहिलं, शिकऱ्यानं झडप घालून नेली. शेकड्यांनी हात जोडलेली चित्रं आली, रडणारी तोंडं आली. उदगीरच्या पोरानं माफी मागितली, आणि मी ती मोठ्या मनानं स्वीकारली. निलंग्याच्या माणसाचा मात्र फोन आला. "सर, लई वाईट झालं. उद्या येऊन जातो." मी म्हणालो, नका येऊ, मी गावाला चाललोय. तो माणूस समोर बसला असता तर त्यानं काही विचारलं नसतं, फक्त कोपऱ्यातल्या काठीकडं बघितलं असतं. नर मी नंतर आणलाच नाही. कुणासाठी आणायचा?

तुमच्या मुलानं दुकान विकून बरीच वर्षं झाली, तेव्हा हे पत्र पाठवायला पत्ताही नाही. असता तरी पाठवलं नसतं. एक गोष्ट मात्र इथं लिहून ठेवतो. तिच्या शेवटच्या उड्डाणाचा तो व्हिडिओ अजून आहे. त्यात छतरी दिसते, आभाळ दिसतं, ती खाली येते आणि अचानक पुन्हा वर जाते. काठी दिसत नाही. लोक अजून बघतात आणि खाली लिहितात, काय दम होता पाखरात, उतरता उतरता परत उडालं, ह्याला म्हणतात वाण. तो काढून टाकायला एक बोट पुरतं. मी काढलेला नाही. कुणी नवं काही लिहिलं की मोबाईल वाजतो, मी उघडून वाचतो, आणि मला बरं वाटतं, उस्ताद.