सुतळीने शिवलेली पानं

आमगाव, ता. ११ सप्टेंबर २०२४

चि. टीनास अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, तिकडचे कळव. शाळेत मोठं होणाऱ्या पोरापोरींच्या गोष्टी वाचायला सांगितल्या म्हणून तू पुस्तक मागितलंस. धान विकायला गोंदियाला गेलो तेव्हा दुकानदाराला विचारून घेतलं. आधी मी स्वतः वाचलं. दहावी नापास माणूस चष्मा लावून कादंबरी वाचतो, म्हणून तुझी माय हसून राहिली होती.

मधली काही पानं तुझ्या कामाची नाहीत. पोराला शेजारची पोरगी आवडते, तो तिला बोरं नेऊन देतो, असलं सगळं. फाडावं तर पुस्तक खराब होतं. म्हणून पोती शिवायचं दाभण घेतलं आणि सुतळीने ती पानं शिवून टाकली. उसवू नको. त्या हिमांशूच्या भानगडीपायी तुला अर्जुनीच्या वसतिगृहात ठेवावं लागलं, ते पुन्हा नको. बाकी पुस्तक चांगलं आहे. दिवाळीला ये, मंडईची जत्रा पाहून जा.

अभ्यास कर, आमची आठवण ठेव.
तुझे बाबूजी, खेमराज

अर्जुनी मोरगाव, ता. २४ सप्टेंबर २०२४

ती. बाबूजींना टीनाचा शि. सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. इथे मोबाईल चालत नाही, आणि चालला असता तरी फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? पत्रच बरं. सुतळी पाहून मैत्रिणी म्हणाल्या, बाबूजींनी पुस्तकाचं पोतंच केलं! मीही हसले. शिवण उसवली नाही, शपथ.

पण उघडी ठेवलेली पानं मला वाचता आली नाहीत. पुस्तकातला बाप त्या पोराला कोठीत कोंडतो आणि आजी बाहेर बसून राहते, ती. हिमांशूने दिलेलं पुस्तक सापडलं तेव्हा तुम्ही मला पोती ठेवायच्या बारदान्याच्या खोलीत कोंडलं. माय अशीच दारापाशी बसली होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या, पण कडी काढायची तिची हिंमत झाली नाही. एक पुस्तकच दिलं होतं त्याने, बाबूजी. शिवायचीच होती तर ही पानं शिवायची होती.

दिवाळीला मी येत नाही. राग नाही, मला त्या घराची भीती वाटते. मायला नमस्कार सांगा.

माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमची टीना

आमगाव, ता. ८ ऑक्टोबर २०२४

चि. टीनास अ. उ. आ.

पत्र तुझी माय वाचून दाखवत होती, अर्ध्यात थांबली. पुढचं मी वाचलं. त्या पानांत पोरगी नव्हती, म्हणून मला ती साफ वाटली होती.

दुसरं पुस्तक पाठवतो. यातली प्रेमाची पानं उघडी ठेवली आहेत, तुझी तू वाच. बाप मारतो, ती पानं दुहेरी सुतळीने पक्की शिवली. एक अक्षर दिसत नाही. आता तरी ये. माय म्हणते, असं शिवून काही होत नाही. मग काय करू, ते ती सांगत नाही. पोरगी काऊन येत नाही, म्हणून लोक विचारतात. मी अभ्यासाचं नाव सांगतो.

तब्येत सांभाळ.
बाबूजी

अर्जुनी मोरगाव, ता. ३० ऑक्टोबर २०२४

ती. बाबूजींना शि. सा. न. वि. वि.

प्रेमाची पानं दोनदा वाचली. खूप सुंदर आहेत, वाचताना रडू आलं. पण शिवलेली पानं हाताला जाड लागतात, आणि आत काय असेल ते मला माहीतच आहे.

मी निघाले होते, बाबूजी. बॅग भरून गोंदियाच्या बसमध्ये बसले. नवेगावबांध आलं आणि पुढे जाववेना, तशी उतरले आणि परत आले. सुटीभर वसतिगृहाच्या निर्मला मॅडमच्या घरी राहते. माय रडली तर तिला रागावू नका.

आशीर्वाद असू द्या.
टीना

आमगाव, ता. १० नोव्हेंबर २०२४

चि. टीनास अ. उ. आ.

मंडई झाली. आणखी पुस्तक पाहिजे तर कळव. आता शिवत नाही, आहे तसं पाठवतो.

बारदान्याच्या खोलीची कडी उपटून टाकली. आता ते दार लागत नाही. नवं धान आलं आहे, कोंबड्या आत शिरून पोत्यांवर बसतात. वाऱ्याने दार वाजलं की तुझी माय हातातलं काम टाकून बघायला जाते. मी तिला म्हणतो, वारा आहे. मग मीही उठून बघून येतो.

बाबूजी