दसऱ्याचा नारळ आणि गाडीची चाकं

महाड, दसऱ्याची आदली संध्याकाळ, २००५

नखांतला काळा मळ रॉकेलनेही निघेना. न निघो. गाडीच्या चौथ्या चाकाचाही जुना रंग आज निघाला. रंग काढायचं औषध लावून खरवडला, पाणी घालत पॉलिश पेपरने घासलं, मग जुन्या लुगड्याच्या चिंधीने पॉलिश. अॅल्युमिनियम असं उजळलं की त्यात माझं तोंड दिसलं.

धाकटे दीर, सुहास, आठवडाभर पडवीतून चिडवत होते, "वहिनी, सभेतल्यासारखं एक भाषण ठोका, रंग आपोआप गळेल!" आज चाकं बघून म्हणतात, "उद्या पूजेचा नारळ मी फोडतो."

"का? मी फोडीन."

सासूबाई उमरठ गावच्या, जुन्या वळणाच्या. चटकन म्हणाल्या, "बाईने नारळ फोडू नये गो. घरात बाप्ये हायत ना?"

आहेत. घासताना कुठे होते? दसऱ्याला हत्यार पुजावं ते राबणाऱ्या हाताने. पोलादपूरच्या सभांत बायकांना हेच सांगत फिरते, आणि स्वतःच्या दारात गप्प बसू? सासूबाई दुखावतील, त्याचं वाईट वाटतं. तरीही...

मळ राहू दे नखांत. उद्या नारळ याच हातांनी फोडणार.