खांद्यासाठी टेनिस

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
वार्षिक मेडिकल. डेपोच्या डॉक्टरांनी आज मला स्टिअरिंगवरून उतरवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. उजवा खांदा आखडलाय म्हणे, हात खांद्याच्या वर जात नाही. मी म्हटलं, बस चालवायला हात वर कशाला लागतो, मला काय झेंडा फडकवायचाय? ते म्हणाले, वळणावर चाक पूर्ण फिरवताना हात अडकला तर मागे बसलेल्या माणसांना काय सांगणार? प्रश्न बरोबर होता. विचारायची पद्धत बरोबर नव्हती.

सहा आठवडे दिलेत. सतरा मार्चला पुन्हा मेडिकल. उजवा हात कानाला टेकला तर बस परत. नाही टेकला तर कायमची चौकशीची खिडकी. तोवर पगारी रजा आणि माझी सत्तेचाळीस नंबर चष्मिसकडे. चष्मिस म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात नवा ड्रायव्हर. ब्रेक असा मारतो की उभी माणसं ओळख नसताना एकमेकांच्या गळ्यात पडतात.

बायकोला सांगितलं, किरकोळ आहे. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

५ फेब्रुवारी
फिजिओबाईंकडे गेलो. बाई कसली, लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. भिंतीसमोर उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चालवत न्यायची. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्याकडे. दुखेल, असं तिने आधीच सांगितलं. शब्दाची पक्की निघाली.

मी ओरडलो नाही. बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून गेले, त्यांना दुसरं काही काम असेल.

निश्चय: रोज तीनदा. एकदाही चुकवायचं नाही.

६ फेब्रुवारी
एकदा केलं. भिंतीला बोटांचे डाग पडतात. घर स्वच्छ ठेवणं हीसुद्धा जबाबदारी आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
मार्ग सापडला! लेकीला आठवलं, की मामाच्या माळ्यावर तो हात हलवून खेळायचा गेम पडलाय. मेहुणा दुपारी खोकं घेऊनच आला. टीव्हीवर एक पट्टी ठेवायची, हातात रिमोट धरायचा. आपण हात फिरवला की पडद्यावरचा माणूस रॅकेट फिरवतो. टेनिस, बोलिंग, बॉक्सिंग. म्हणजे खांद्याचाच व्यायाम, फक्त समोर भिंतीऐवजी माणूस. तोही हरणारा.

मेहुण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे वायर असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्याचं मत असतं. म्हणाला, भाऊजी, याचं आयुष्य तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात घर डोक्यावर घेतात, दुसऱ्यात पाहुणे आले तरच काढतात, तिसऱ्यात माळ्यावर. त्याच्याकडे असंच झालं, त्याच्या गिऱ्हाइकांकडेही. लोकांना बसून बटणं दाबायलाच आवडतं, म्हणाला.

मी त्याला सुनावलं. बटणं दाबणं ही सवय आहे, हात हलवणं ही प्रकृती आहे. तान्हं मूलसुद्धा पाळण्यात हातच हलवतं, बटण शोधत नाही. ही गोष्ट टिकणार. तो म्हणाला, टिकू दे बाबा, मला माळ्यावर जागा झाली.

संध्याकाळी चौघेही खेळलो. बायकोने बॉक्सिंगमध्ये मला आडवा केला. तिच्यात एवढा राग कुठे होता कोण जाणे. माझा हात छातीपर्यंतच जात होता, पण सुरुवात आहे.

९ फेब्रुवारी
सकाळी खांदा ठणकतोय. चांगलं लक्षण. गंज निघताना आवाज होतोच.

११ फेब्रुवारी
शेजारचे काका-काकू, वरच्या मजल्यावरची शिक्षिका, तिचा नवरा, सगळे खेळायला. घरात पाय ठेवायला जागा नाही. मेहुण्याला फोन करून मुद्दाम आवाज ऐकवला. तो म्हणाला, पहिला आठवडा आहे. जळतो, दुसरं काय.

टेनिसचा स्कोअर: १८०. पूर्ण हात फिरवायला गेलो की कळ डोळ्यांपर्यंत येते. बायको म्हणाली, अहो, निदान शुक्रवारचं फिजिओ चुकवू नका. म्हटलं, चुकवतोय कुठे, त्याची पुढची पायरी घरी आणलीये.

१३ फेब्रुवारी
फिजिओबाईंना गेमबद्दल सांगितलं. तिने वाईट म्हटलं नाही. करा, पण हात पूर्ण वर नेऊन करा, म्हणाली, आणि भिंत सोडू नका. पहिल्या अर्ध्या वाक्याशी मी सहमत आहे.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
मोठा शोध. चहाचा कप डाव्या हातात होता, म्हणून सोफ्यावर बसूनच खेळलो. हात मांडीवर, फक्त मनगटाला एक झटका. चेंडू सुसाट! सलग सात गेम जिंकलो. म्हणजे इतके दिवस आपण उगाच ताकद वाया घालवत होतो. कसलेला ड्रायव्हर चाकाशी कुस्ती करत नाही, बोटांवर फिरवतो. तेच तत्त्व.

स्कोअर: ६४०. कळ: शून्य. दुखणं गेलं याचा अर्थ खांदा सुटतोय. दुसरा काय अर्थ असणार?

१७ फेब्रुवारी
फिजिओ रद्द केलं. दुखत नसताना दुखवून घ्यायला जाणं म्हणजे खाजवून खरूज काढणं.

१९ फेब्रुवारी
काका-काकू आले नाहीत. शिक्षिकेचा नवरा आला, मी सोफ्यावरून त्याला सहा-शून्य हरवलं. तो उभा राहून घामाघूम. म्हणाला, हे बसून पण होतं? मग तोही बसला. मग म्हणाला, बसूनच खेळायचं तर माझ्याकडे घरी मोबाइल आहे. आणि गेला. काही लोकांना खेळाची खोलीच कळत नाही.

गर्दी ओसरली हे बरंच झालं. आता फक्त गंभीर खेळाडू उरले.

२० फेब्रुवारी
बायकोने संध्याकाळी फिजिओ कसं झालं विचारलं. छान, म्हणालो. खोटं नव्हे. न जाता छानच वाटलं.

२२ फेब्रुवारी
गंभीर खेळाडू म्हणजे मी. लेक परीक्षेचं कारण सांगते. बायको म्हणते, एकदा बॉक्सिंग झालं, समाधान झालं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
तीन आठवडे संपले, तीन उरले. फिजिओच्या वेळेला घरातून निघालो, कारण बायको दारात उभी होती. कोपऱ्यावर सत्तेचाळीस नंबर आली. काय झालं कुणास ठाऊक, चढलो. शेवटच्या सीटवर बसलो, टोपी खाली ओढून.

चष्मिस आता पूर्वीसारखा ब्रेक मारत नाही. बाजाराच्या वळणावर माझा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला गेला, पण बस आधीच थांबली होती. एक म्हातारी सावकाश उतरली. तो थांबला. आरशात बघून थांबला. मी शिकवलं होतं ते.

मला अजिबात आवडलं नाही. भीती वाटली, असं लिहायला हरकत नाही, हे कोण वाचतंय? शेवटच्या थांब्यावर त्याने मला ओळखलं. म्हणाला, साहेब, लवकर या, तुमच्या सीटची उंची मी बदललेली नाही, अवघडून चालवतोय. मी म्हटलं, आलोच.

आलोच पाहिजे.

२५ फेब्रुवारी
निश्चय: उभं राहून, पूर्ण हात. चार सर्व्हिस केल्या. पाचव्या वेळी हात अर्ध्यात लॉक झाला आणि मी रिमोट धरून तसाच उभा. लेकीने हळूच खाली आणला. नंतर सोफ्यावरून खेळलो. ९१०.

२७ फेब्रुवारी
फिजिओबाईंचा घरी फोन. बायकोने उचलला. सलग तीन वेळा आलो नाही, हे दोन बायकांनी मिळून मोजलं. बायकोने आदळआपट केली असती तर परवडलं असतं. ती फक्त म्हणाली, मग मंगळवारी दोन तास कुठे होतात? बसमध्ये होतो, म्हटलं. तिने फोन जागेवर ठेवला. मग म्हणाली, अहो, तुम्हाला बस परत हवी आहे ना? की नुसतं जिंकायचंय?

दोन्ही. असं मी म्हणणार होतो, पण ती स्वयंपाकघरात गेली.

१ मार्च
मेहुणा आला. मुद्दामच, तिसरा आठवडा बघायला. टीव्ही चालू, मी खेळतोय. म्हटलं, बघ, टिकलं की नाही? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. म्हणाला, भाऊजी, खेळ टिकला, पण हलणं कुठे टिकलं? शब्दांचे खेळ. वकील व्हायचा, चुकून मोबाइल दुरुस्त करतो.

४ मार्च
मनगट थोडं दुखायला लागलंय. क्रीडापटूंना होतंच. लेकीने सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं, की हेच टेनिस बटणांवरही खेळता येतं. मी तत्त्व म्हणून नकार दिला.

५ मार्च
बटणांवर खेळलो. फक्त मनगटाला विश्रांती म्हणून. १४००.

तत्त्वाला धक्का नाही. अंगठा हा हाताचाच भाग आहे आणि हात खांद्यालाच जोडलेला आहे.

९ मार्च
आठ दिवस उरले. १८५०. गेमने मला "प्रो" केलं. सव्वीस वर्षांत डेपोने फक्त एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

बायको हल्ली खांद्याचा विषय काढत नाही. सकाळी बोटं चालवायला मला भिंतीजवळ नेते, मी म्हणतो संध्याकाळी, ती म्हणते बरं. तिच्या "बरं"ची मला थोडी धास्ती वाटते.

१२ मार्च
गेममध्ये शरीराचं वय काढायची चाचणी आहे! बटणांवर दिली. वय आलं एकतीस. मी पंचावन्नचा. लगेच स्क्रीनचा फोटो काढला. आता डॉक्टर काय बोलतात बघू. यंत्राला कुणाचा कैवार नसतो.

मेहुण्याला फोटो पाठवला. त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. मान्य केलं शेवटी.

१५ मार्च
खांद्याची चाचणी घरच्या घरी घ्यायची का, असा विचार आला. नको. उगाच परीक्षेच्या तोंडावर ताण.

१६ मार्च
जेवताना पोळीचे नुसते तुकडे करत बसलो. लेक म्हणाली, बाबा, मी येऊ का उद्या सोबत? म्हटलं, कशाला? घरी आल्यावर पेढे आणायला जाशील. माझा आवाज थोडा बारीक निघाला. सर्दी.

१७ मार्च, सकाळी ६.१०
युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. फोनमध्ये फोटो. मन शांत. दोनदा बाथरूमला जाऊन आलो, तेवढंच.

१७ मार्च, दुपारी १
डॉक्टर म्हणाले, उजवा हात वर. केला. म्हणाले, करा ना. म्हटलं, केलाय. त्यांनी फेब्रुवारीचा कागद काढला, माझ्या हाताकडे बघितलं, परत कागदाकडे. हात तेव्हापेक्षा चार बोटं खालीच थांबला होता. पुन्हा, म्हणाले. पुन्हा केला. खांद्याऐवजी मीच वर जायला लागलो, टाचा उचलून.

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला. सहा आठवडे काय केलंत, विचारलं. टेनिस, म्हटलं. ते चकित. या खांद्याने टेनिस? कसं काय, दाखवा बघू.

आता माघार कशी घेणार? खुर्चीत बसलो, हात मांडीवर ठेवला आणि दाखवलं. खोलीत फक्त माझा अंगठा हलत होता. वर, खाली. वर, खाली.

डॉक्टर हसले असते तर मी भांडलो असतो. ते हसले नाहीत. चष्मा काढला, सही केली आणि म्हणाले, मला वाईट वाटतं.

१८ मार्च
चौकशीची खिडकी. सत्तेचाळीस नंबर कधी येणार, असं दिवसभरात एकोणीस जणांनी विचारलं. सगळ्यांना मिनिटासकट सांगितलं. ७.४० ला चष्मिस केबिनमधून हात हलवत गेला. सीट त्याने आता त्याच्या उंचीची करून घेतलीये. मी डावा हात हलवला.

एक गोष्ट इथे कधी लिहिली नाही. सकाळी शर्ट मला बायको घालते. आधी उजवी बाही, मग पाठीवरून डावी, मग बटणं. आज घालत होती तेव्हा मनात हिशेब केला. नोव्हेंबरपासून तीच घालते. आणि मेडिकल फेब्रुवारीत झालं. म्हणजे शर्टात न शिरणाऱ्या हाताने मी तीन महिने भरलेली बस चालवली.

तिला विचारलं, तू तेव्हा काही बोलली का नाहीस? ती कॉलर सरळ करत म्हणाली, रोज बोलत होते.