नाक हेच मीटर

२ ऑगस्ट, सकाळी
ट्रेनिंगहून परत. सर्टिफिकेट भिंतीवर लावलं. जरा तिरकं लागलंय, पण दिसतंय भारदस्त. विषय: छोट्या शेतकऱ्यांसाठी ताग कुजवण्याची सुधारित पद्धत. आजवर लोक काय करायचे? पेंढ्या ओढ्यात बुडवायच्या, वर चिखल थापायचा आणि काळाकुट्ट वाख, म्हणजे तागाचा धागा, निघाला की नशिबाला बोल लावायचा. संपलं ते! आता अंगणात खड्डा, खड्ड्यात प्लास्टिक, बेताचं पाणी आणि जिवाणूंची पावडर. निम्म्या वेळात काम.

बायकोने यंदा पहिल्यांदाच स्वतः ताग लावलाय. तिला विणकाम केंद्रात जायचंय. २८ तारखेला तिथल्या बाई प्रत्येकीचा वाख बघून निवड करणार. सोनेरी आणि मजबूत हवा, नाहीतर या पुढच्या वर्षी. म्हटलं, काळजी सोड, सगळा ताग माझ्यावर सोपव. ती कपाळाला हात लावून आत गेली. आनंदाने असणार.

४ ऑगस्ट
खड्डा खणला. म्हणजे सुरुवात मी केली. बाकीचा बायकोने आणि सासूबाईंनी. मला प्लॅनिंग होतं.

५ ऑगस्ट
पेंढ्या घातल्या, पावडर टाकली, वर वजनाला वाळूच्या पिशव्या. चिखल नाही! स्वतः पाण्यात उभा राहिलो. संध्याकाळपासून शिंका.

सासूबाई म्हणाल्या की रोज एक काडी काढून सोलून बघा, साल सुटली की लगेच बाहेर. ट्रेनिंगच्या सरांनीही असंच काहीतरी सांगितलं होतं, पण ते जेवणानंतरचं सेशन होतं. रोज पाण्यात हात घालत बसायचं, हे काय सायन्स झालं? मी माझी पद्धत काढली. ताग कुजला की वास मारतोच. वास आला की काढायचा. छोट्या शेतकऱ्याकडे लॅब नसते, नाक असतं.

८ ऑगस्ट
नाक पार चोंदलंय. किरकोळ.

१२ ऑगस्ट
वास नाही. थांबणार. शेजारच्या सुताराने एवढ्या उकाड्यात सगळ्या खिडक्या लावून घेतल्यात. काही लोकांना दुसऱ्याची प्रगती बघवतच नाही.

१४ ऑगस्ट, दुपारी
अरे, हे आधी कसं सुचलं नाही! पाणी काळंनिळं झालंय, वर फेस, आतून बुडबुडे, आणि वास शून्य. म्हणजे मी बिनवासाची पद्धत शोधलीय! जगात पहिलीच असावी. पेटंट घ्यायलाच हवं.

बायको म्हणाली, वासाने जीव चाललाय, आता तरी काढू या. शांतपणे समजावलं की तो तिच्या मनाचा वास आहे. शिवाय नियम म्हणजे नियम, वास आला की काढणारच. सासूबाई म्हणाल्या की नाकाला औषध घ्या. मध्येच विषय बदलायची त्यांची सवय जुनीच.

१६ ऑगस्ट
बायको कडाडून भांडली. म्हणाली, भर उन्हात मी राबलेय, तुमच्या नाकापायी घालवू नका. डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाईट वाटलं, पण संशोधकाने मन घट्ट करायचं असतं. मग एकदम शांत झाली. म्हणाली, पेटंटचं बघायला शहरात जाणार होतात ना, उद्याच जाऊन या. शेवटी पटलं तिला.

१७ ऑगस्ट, प्रवासात
बसमध्ये लोकांनी अख्खं बाक मला सोडलं. पेटंटच्या ऑफिसात रांगेतले सगळे आपणहून बाजूला झाले. कारकुनाने तर काही न विचारता, लांबूनच, नंतर या म्हणून सांगितलं. आदर वाटत असणार.

१८ ऑगस्ट
परतलो. वाळूच्या पिशव्या चांगल्याच खाली बसल्यात. जिवाणू कामाला लागलेत. सासूबाई कंबर धरून झोपल्यात. दिवसभर घरात बसून कंबर कशी धरते, कोण जाणे.

२१ ऑगस्ट
सुताराच्या अंगणात दोरीवर वाख वाळतोय. लांब, सोनेरी. याने ताग लावला कधी? विचारलं, तर म्हणाला, कोणीतरी वाळवायला दिलाय. रंग बरा आहे, पण जरा भडक. असो. पद्धत जुनी असली की असंच होतं. माझा निघाला की बघतच राहतील.

२५ ऑगस्ट
अजून वास नाही. तरी परवा जाहीर प्रात्यक्षिक ठेवलंय. आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना निरोप धाडला. भाषण तयार.

२७ ऑगस्ट
लोक आले, तोंडाला रुमाल बांधून. भाषण केलं. पिशव्या बाजूला केल्या, हात घातला, पेंढी उचलली. पेंढी आलीच नाही. हातात नुसता लगदा आला, बोटांतून गळून गेला. दुसऱ्यांदा हात घातला. तेच.

बायकोचा सगळा ताग. पाण्यात हात तसाच ठेवून खाली बघत बसलो. मान वर करायची हिंमत झाली नाही. लोक पटापट निघून गेले.

पावडर जुनी असणार. प्लास्टिकही हलकं होतं.

बायकोने हात धुवायला बादलीभर पाणी आणून ठेवलं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

२८ ऑगस्ट, संध्याकाळी
बायकोची निवड झाली! पहिल्या नंबराने!

सकाळी सुताराकडून वाखाची जुडी घेऊन निघाली, तेव्हा कळलं. तो भडक वाख तिचाच. मी शहरात गेलो त्या दिवशी दोघी मायलेकींनी खड्डा उपसून सगळा ताग काढला, सोलला, धुतला. माझं मन राखायला दोन पेंढ्या तेवढ्या आत ठेवल्या. सुताराला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

पण मुद्दा काय? खड्डा माझा, पावडर माझी! मीही तिच्या मागोमाग केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं तेव्हा बायकोने स्पष्ट सांगितलं की पद्धत माझ्या नवऱ्याची. छाती भरून आली. मग बाईंनी विचारलं की काढायची नेमकी वेळ कशी ओळखली. ती म्हणाली, सोपं आहे, नवरा अजून थांब म्हणाला की काढायचा.

तेही माझंच संशोधन म्हणायचं.

२९ ऑगस्ट, पहाटे
नाक उघडलं.

आई गं.

२९ ऑगस्ट, दुपारी
दोनदा उलटी. खड्डा एकट्याने बुजवतोय, सगळा. सुताराची माफी मागितली. खिडकीबाहेर उभा राहून. त्याने खिडकी उघडली नाही.